आप्पांच्या आवाजाचे नमुने

मुलाणींच्या दुकानाच्या काउंटरवर दोन लॅपटॉप होते, चहाचे चार कप, माझी चौकटीची वही आणि आप्पांची टोपी. काउंटरच्या पलीकडे मुलाणी, अलीकडे आम्ही तिघं: आप्पा, माझा थोरला भाऊ कुंथू आणि मी. दुर्बिणीच्या तपासणीच्या अहवालाप्रमाणे आप्पांच्या घशात एकोणीस मिलिमीटरची एक गाठ होती. स्वरयंत्र काढून टाकायच्या ऑपरेशनला अठरा दिवस उरले होते.

"ताई, लहान यंत्र आत्ता पिशवीत घालून देतो," मुलाणी म्हणाले. "चौतीस हजार. लिहायला, वाचायला, रेकॉर्डिंगला फर्स्ट क्लास. हे मोठं मात्र नऊ दिवसांनी मिळंल. समोर दिसतंय ते मिरजेच्या एका आर्किटेक्टचं आहे, दुपारी न्यायला येणार आहेत. तुमचं मागवावं लागंल."

"मोठ्याचे किती?" कुंथूनं विचारलं.

"एक लाख बारा."

आप्पांनी लहान लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि बसलेल्या आवाजात पुकारा केला, "चौतीस हजार एक वार! चौतीस हजार दोन वार! बोला, कोण वाढवतंय?"

मुलाणी हसले. शेजारच्या दुकानातला माणूसही डोकावून हसला. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना पुकारा करण्यात आप्पांची एकतीस वर्षं गेली होती. पुकारा करणाऱ्याचा आवाज बसलेलाच असतो, म्हणून तो चार महिने बसून राहिला तेव्हा यार्डात कुणाला नवल वाटलं नाही, आणि घरातही नाही.

"त्रिशला, तू बोल," आप्पा म्हणाले. "शिकलेली तू आहेस."

मी त्या वर्षी कोल्हापूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. माझा प्रकल्प ध्वनीवर होता. एखाद्या माणसानं काहीशे वाक्यं वाचून रेकॉर्ड केली, तर संगणकाला त्याचा आवाज शिकवता येतो, आणि मग टाइप केलेलं काहीही संगणक त्या आवाजात बोलतो, हे मी वाचलं होतं आणि माझ्या स्वतःच्या आवाजावर करूनही पाहिलं होतं. प्रयोगशाळेतलं यंत्र आता मला मिळणार नव्हतं. आता हे काम फोनवर होतं म्हणतात. तेव्हा होत नव्हतं, निदान मराठीत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशननंतर आप्पांना पाटीवर लिहून काम भागवता येईल, पुढे घशाला लावायचं एक यंत्रही मिळेल, पण त्याचा आवाज यंत्राचाच असेल. पाटीचा आमच्या घरात उपयोग नव्हता. आईच्या डोळ्यांत साखर उतरली होती. तिला उजेड कळायचा, दार कळायचं, माणूस उभा आहे एवढं कळायचं. अक्षर कळत नव्हतं. माणूस कोण, हे ती आवाजावरून सांगायची.

"मला भाषण नाही करायचं," अहवाल आला त्या दिवशी आप्पा मला म्हणाले होते. "तुझ्या आईला हाक मारता आली पाहिजे. तेवढं जमव."

मी वही उघडून मुलाणींच्या काउंटरवर ठेवली. पान आदल्या दिवशीच तयार केलं होतं.

"हे बघ," मी कुंथूला म्हणाले. "आवाज एकदा शिकवून भागत नाही. शिकवायचा, ऐकायचा, कुठले उच्चार बिघडले ते शोधायचं, तेवढी वाक्यं पुन्हा वाचून घ्यायची, पुन्हा शिकवायचा. अशी एक फेरी लहान लॅपटॉपवर सहा दिवस चालते. म्हणजे अठरा दिवसांत तीन फेऱ्या. मोठ्यावर एक फेरी पाच तासांत होते. नऊ दिवस वाट बघण्यात गेले तरी उरलेल्या नऊ दिवसांत रोज एक, म्हणजे नऊ फेऱ्या. तीन आणि नऊ."

"आणि नऊ दिवसांत काही झालं तर?"

"काय होणार? तारीख डॉक्टरांनी दिलीय."

"मी काय म्हणतो, हा लहान घरी नेऊ. आज संध्याकाळी आप्पा बोलायला बसतील. नाहीतर फोनवर घे की. फोन आहे ना तुझ्या हातात?"

"फोनचा आवाज दाबलेला असतो. शिवाय आप्पांचा घसा बघ आत्ता कसा आहे. असा नमुना दिला तर मशीन खरखरच शिकणार. वाईट नमुन्यापेक्षा नमुना नसलेला बरा."

हे शेवटचं वाक्य मी आमच्या सरांकडून शिकले होते. त्या वेळी ते मला फार पटलेलं होतं.

"त्रिशे, तुझ्या गणितात आप्पा कुठं बसतात?" कुंथू म्हणाला.

"तुझ्या शेजारीच बसलोय की मी," आप्पा म्हणाले, आणि टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "मोठा मागवा मुलाणी. नऊ म्हणजे नऊ दिवस. दहावा लागला तर यार्डात तुमचाच सौदा पुकारीन."

आम्ही दुकानातून उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. काउंटरवरच्या कपांतला चहा माझ्याशिवाय सगळ्यांनी घेतला होता.

त्या आधीच्या आठवड्यात मी आप्पांच्या आवाजातली थरथर मोजत होते. मोजमापासाठी शब्द चालत नाहीत, एकच स्वर लागतो. मी फोन तोंडापासून वीस सेंटिमीटरवर धरायची आणि आप्पा पाच सेकंद "आ" म्हणायचे. सकाळी उठल्यावर थरथर दोन पूर्णांक एक टक्का यायची, यार्डातून आल्यावर तीन पूर्णांक नऊ. रविवारी, यार्ड बंद असताना, संध्याकाळीसुद्धा दोनच्या आसपास. म्हणजे विश्रांतीनं आवाज सुधारत होता. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

"आप्पा, लॅपटॉप येईपर्यंत कमी बोला," त्या रात्री जेवताना मी म्हणाले. "जितका आराम, तितका आवाज स्वच्छ. रेकॉर्डिंग तितकं चांगलं."

"कमी म्हणजे किती कमी?"

"जितकं जमेल तितकं."

"हे असलं मला जमत नाही," ते म्हणाले. "थोडं थोडं म्हणजे रोज स्वतःशीच भांडण. एकदा नियम घेतला की सुटलो. किती दिवस म्हणालीस?"

"नऊ."

"मग नऊच."

आमच्यात नियम घेणं नवीन नव्हतं. चातुर्मासात कुणी मीठ सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. आप्पांनी एकदा चार महिने चहा सोडला होता आणि त्यांच्या मोठ्या भावाच्या तेराव्याला, सगळे आग्रह करत असतानाही, कपाला हात लावला नव्हता. घेतलेला नियम त्यांनी मोडल्याचं माझ्या आठवणीत नाही, आईच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, धोतर नेसून बस्तीत निघाले. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर, घरापासून दोनशे पावलांवर. दारातून ते आईला म्हणाले, "येतो गं, दार ओढून घे." तिथं त्यांनी उपाध्यांच्या समोर हात जोडून नऊ दिवसांचं मौन घेतलं. येताना हसत आले आणि ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

मी कमी बोला म्हणाले होते. त्यांनी बोलणंच थांबवलं. मी हरकत घ्यायला हवी होती. मी वहीत लिहिलं: "पूर्ण विश्रांती. उत्तम."

घरात खुणा ठरल्या. एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही. मला आणि कुंथूला ते पाटीवर लिहून दाखवायचे. आईसाठी टाळ्याच.

"अहो, आमटीत मीठ बरं आहे का?" एक टाळी.

"आणखी भात वाढू?" दोन टाळ्या.

"इथं आहात की बाहेर गेलात?"

या प्रश्नाला एक टाळी वाजवावी की दोन, हे आप्पांना कळायचं नाही. ते एकच वाजवायचे.

"लग्नाला चौतीस वर्षं झाली, आता कुठं हे माझं ऐकायला लागले," आई शेजारच्या काकूंना सांगत होती. आप्पांनी लगेच दोन टाळ्या वाजवल्या. काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

मी त्या दिवसांत वाक्यं तयार करत होते. मराठीतला प्रत्येक उच्चार निदान दहादा यावा अशी तीनशे वाक्यं. त्यांतली काही कोरडी होती, पण बरीचशी घरातली घेतली. "अगं, ऐकलंस का?" "औषध घेतलंस?" "पाय पुसायचं कुठं गेलं?" "मी इथंच बसलोय." शेवटचं वाक्य मी तीन वेळा लिहिलं, तीन वेगवेगळ्या सुरांत वाचून घ्यायचं म्हणून.

तिसऱ्या दिवशी कुंथू यार्डातून आला. तो तिथल्या काट्यावर वजनं लिहायचा. चपला न काढताच म्हणाला, "मुलाणी भेटले होते. लहान लॅपटॉप अजून आहे. आणू?"

"आणून करू काय? नियम घेतलाय त्यांनी."

"मग सोडवू नियम. तू सांगितलंस तर ऐकतील."

"अजून सहाच दिवस आहेत कुंथू. आत्ता थांबवलं तर तीन दिवसांची विश्रांती वाया."

तो माझ्या वहीकडं बघत राहिला. "तीनशे वाक्यं," तो म्हणाला. "तुझ्या वहीत आप्पा बोलतायत. घरात बोलत नाहीत."

आप्पा कॉटवर बसून हे ऐकत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि कुंथूला दाखवलं: "भांडू नका. सहा दिवस."

या दिवसांत मी काहीच मोजत नव्हते. "आ" म्हणणं म्हणजे सुद्धा बोलणं, असं आप्पांनी खुणेनं सांगितलं होतं आणि मला ते मान्य होतं. रोजचं मोजमाप बंद असल्यामुळे वहीतली सात पानं कोरी आहेत.

सातव्या दिवशी सकाळी मी शेजारच्या शाळेत बाईंना गणिताचे पेपर तपासून द्यायला गेले होते. अकराला परत आले. आप्पा कॉटवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. आत घेतलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात होता. आई त्यांच्या पायाशी बसून लसूण सोलत होती.

"आई, हा आवाज कधीपासून येतोय?"

"शिट्टी व्हय? परवापासून." तिनं मान वर केली. "मी म्हटलं, मौन आहे ना, म्हणून मला कळावं कुठं बसलेत ते, यासाठी करतायत. किती बरं वाटलं मला."

मी आप्पांना विचारलं, "त्रास होतोय?" त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. दुसरी टाळी नीट वाजली नाही.

कुंथूनं यार्डातून कुणाचीतरी गाडी आणली. मिरजेच्या दवाखान्यात पोचायला सव्वीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली, पडद्याकडं बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"सूज आलीय. वाट तीन मिलिमीटर उरलीय. आत्ता गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल. थांबता येणार नाही. आणि मुख्य ऑपरेशनही आता याच आठवड्यात."

"नळी घातल्यावर बोलता येईल?"

"नाही. हवा वरपर्यंत जाणारच नाही." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "गेल्या तीन-चार दिवसांत आवाज बदललेला जाणवला नाही? साधारण आवाजावरूनच लक्षात येतं आधी."

मी म्हणाले, "ते बोलत नव्हते."

आप्पांना ढकलगाडीवर झोपवलं होतं, खरं म्हणजे टेकून बसवलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. दाराशी परिचारिका थांबली, म्हणाली, "दोन मिनिटं घ्या."

मी फोन काढला. रेकॉर्डिंग चालू केलं. मास्क कडेनं थोडा उचलला.

"आप्पा, नियम सोडा. आता सोडा. काहीतरी बोला. काहीही. आईला हाक मारा."

ते माझ्याकडं बघत होते. डोळे लाल होते, पण नजर साफ होती. मला वाटतं, त्यांना सगळं कळत होतं, एवढंच कळत नव्हतं की हे शेवटचं आहे. मी ते सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांतलं अर्धं मिनिट गेलं होतं.

"आप्पा, एकच शब्द."

कुंथू मागून म्हणाला, "आप्पा, बोला की हो. मी पाया पडतो तुमच्या."

आप्पांनी चादरीतून उजवा हात बाहेर काढला आणि आमच्यासमोर दोन बोटं धरली. अजून दोन दिवस. मग तोच हात माझ्या हातातल्या फोनवर ठेवून फोन हळूच खाली केला. ते रागावले नव्हते. मी लहान असताना चुकीच्या ठिकाणी हात लावला की ते असाच बाजूला करायचे.

परिचारिकेनं मास्क नीट बसवला आणि गाडी आत नेली. त्या रेकॉर्डिंगची लांबी एक मिनिट चौदा सेकंद आहे. त्यात माझा आवाज आहे, कुंथूचा आहे, आणि श्वासाचा.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही आईला दवाखान्यात नेलं. आप्पांच्या गळ्यात नळी होती. आईचा हात मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आईचा हात त्या दोन हातांच्या मध्ये होता, आणि नियम पुरा केला. मग तोंड उघडलं. ओठ हलले. तीन किंवा चार शब्द असावेत. हवा नळीतून फुसफुसत बाहेर आली.

"काय म्हणाले?" आईनं मला विचारलं.

मला ओठांवरून वाचता आलं नव्हतं. मी पाटी पुढं केली. "आप्पा, काय म्हणालात? लिहा." त्यांनी पाटी घेतली, खडू हातात धरला, मग दोन्ही बाजूला ठेवलं आणि हातानं खूण केली, जाऊ दे.

त्याच दिवशी दुपारी बारा चाळीसला मुलाणी स्वतः लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आले. दार बंद होतं. शेजारच्या काकूंकडं ठेवून गेले. नऊ म्हणजे नऊ दिवस.

मुख्य ऑपरेशन अकराव्या दिवशी झालं. ते व्यवस्थित झालं. गाठ पूर्ण निघाली.

आप्पा घरी आल्यावर मी त्यांचा आवाज शोधायला बसले. कुंथूला आलेला एक व्हॉइस मेसेज मिळाला, "येताना दळण घेऊन ये," चार सेकंद. चुलत बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत नऊ सेकंद, त्यांवर बँड. एका व्यापाऱ्याच्या फोनमध्ये सौद्याचे बावीस सेकंद, त्यांत चाळीसेक माणसं एकदम बोलत होती. घरातल्या तिन्ही फोनमध्ये आप्पांचे फोटो दोनशे अकरा होते. माझ्या फोनमध्ये स्वच्छ, शांत खोलीत, वीस सेंटिमीटरवरून घेतलेले "आ"चे चौदा नमुने होते. सत्तर सेकंद.

शब्दांचे वापरण्याजोगे सेकंद अकरा भरले.

"माझा आवाज घे," कुंथू म्हणाला. "लोक फोनवर मला आप्पाच समजतात. म्हणजे समजायचे. मी वाचतो सगळं, तू त्यावर आप्पांचा चढव."

"असं पूर्णपणे नाही होत."

"मग अर्धं तर होतंय ना? की अर्ध्यापेक्षा नसलेलं बरं?"

तो तीन दिवस वाचत होता. तीनशे वाक्यं, काही चार-चार वेळा. "मी इथंच बसलोय" वाचताना दोनदा उठून बाहेर गेला. आधी मी लॅपटॉपला त्याचा आवाज शिकवला, मग त्यावरून आप्पांच्या अकरा सेकंदांकडं वळवला. फेरीला चार तास पन्नास मिनिटं लागली. माझा अंदाज पाच तासांचा होता. मी नऊ फेऱ्या केल्या.

नवव्या फेरीनंतर आप्पांना ऐकवलं. त्यांनी एका बोटानं टाइप केलं, बटण दाबलं. लॅपटॉप बोलला. त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं, मग कुंथूकडं पाहिलं, मग पाटीवर लिहिलं, "छान झालंय." ते माझ्यासाठी लिहिलं होतं.

आईला आम्ही सांगून ठेवलं की आजपासून आप्पा यंत्रातून तुझ्याशी बोलतील. कधी बोलतील ते मात्र सांगायचं नाही, असं मी ठरवलं, कारण आधी सांगितलं असतं तर चाचणीला अर्थ राहिला नसता. रोज चार वाक्यं, पाच दिवस. वाक्यं आप्पांनीच निवडायची.

पहिल्या दिवशी सकाळी आई तांदूळ निवडत होती. ते काम ती बोटांनी करायची. आप्पांनी टाइप केलं, "अगं, ऐकलंस का?"

आईनं मान वर न करता म्हटलं, "कुंथू, ह्यांनी अजून काही खाल्लं नाही. आधी त्यांचं बघ."

आप्पा तिच्यापासून तीन फुटांवर होते. त्यांनी टाळी वाजवायला हात उचलले. चाचणी चालू होती, म्हणून मी मान हलवून नको म्हणाले. त्यांनी हात खाली घेतले. मी वहीत नोंद केली.

पाच दिवसांत वीस वाक्यं झाली. सतरा वेळा आईनं कुंथूला उत्तर दिलं. तीन वेळा तिनं उत्तर दिलं नाही.